गोमुखाची बाहेरची बाजू

देवळात तिला सगळे बादलीमावशी म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. एकाच देवळाचा गाभारा एकतीस वर्षं धुणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? बादली पत्र्याची होती, कडीला सुतळी गुंडाळलेली, आणि ती दुसऱ्या कुणी उचललेली मावशीला खपत नसे. धाकट्या गुरुजींनी एकदा कौतुकानं प्लॅस्टिकची हलकी बादली आणून दिली. तिनं हसून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यात शिळी फुलं ठेवायला लागली.

सकाळी साडेपाचला ती यायची. चपला पायरीखाली एकाला एक लावून ठेवायची, पदर खोचायची, समया उचलून कोनाड्यात ठेवायची. मग पिंडीच्या बाजूनं पाण्याचा एक तांब्या ओतून स्वस्थ उभी राहायची. नवख्या माणसाला वाटे, प्रार्थना करते आहे. ती पाणी बघत असे. "पाणी कुठं जातं ते आधी बघावं, मग त्याच्या मागनं जावं," असं तिचं म्हणणं. पाणी रोज एकाच वाटेनं जाई. काळ्या दगडाची ती फरशी शेकडो वर्षांच्या गुडघ्यांनी झिजून मध्यभागी बशीसारखी खोलगट झाली होती, पण खोलगट भाग भरला की पाणी वाट काढत उत्तरेच्या कोपऱ्यातच जाई आणि तिथं साचून राही. मग मावशी फडकं टाकायची, पिळायची, टाकायची, पिळायची. दहा वाजेपर्यंत अभिषेक चालत, तोवर सहा-सात बादल्या होत. आणि ते पाणी ती मोरीत ओतत नसे. भरलेली बादली घेऊन तेरा पायऱ्या उतरायची, देवळाला अर्धा वळसा घालायची आणि मागच्या रस्त्यावरच्या दगडी कुंडात ओतून यायची.

या कुंडाच्या वर भिंतीत गोमुख होतं. ओठ किंचित उघडे, एक कान तुटलेला, आणि घसा एकतीस वर्षांपासून कोरडा.

देवळाचे अध्यक्ष एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते. सगळे त्यांना हेडसर म्हणत. ते कित्येक वर्षं देवळाचा इतिहास लिहीत होते. सभामंडपात संगमरवरी पाटीवर तो कोरायचा होता. अडचण अशी होती की गाभारा कुणी बांधला याच्या तीन गोष्टी होत्या आणि सांगणारे तिघेही छातीवर हात ठेवून सांगत. एक म्हणे, बुडता बुडता वाचलेल्या एका व्यापाऱ्यानं बांधला. दुसरा म्हणे, एका राणीचा नवस होता. तिसरी गोष्ट अशी की नदीवरचा पूल बांधायला आलेल्या पाथरवटांनी उरलेल्या दगडांतून तो हौसेनं उभा केला. मावशीला ही तिसरी आवडायची, कारण तिचे वडील गवंडी होते. सभामंडपाचे लाकडी खांब नंतरचे, पुढचा सिमेंटचा मांडव त्याहून नंतरचा, यावर मात्र कुणाचं दुमत नव्हतं. मांडवाला सगळे सारखीच नावं ठेवत.

गोमुखाबद्दलही दुमत नव्हतं. पिंडीवर घातलेलं पाणी उत्तरेच्या कोपऱ्यात पडायचं, तिथल्या भोकातून भिंतीच्या पोटातल्या दगडी नळीत जायचं आणि गोमुखातून बाहेर कुंडात. ज्या काळी काही माणसांना देवळाची पायरीसुद्धा चढू देत नसत, त्या काळी त्या माणसांच्या वाट्याला देव म्हणून जे काही यायचं ते एवढंच होतं. भिंतीपलीकडून आलेलं पाणी. हेडसर आपल्या कागदात लिहीत, 'या देवळाचं मोठेपण कळसात नसून या गोमुखात आहे.' वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं की भेटेल त्याला ते वाचून दाखवत.

मावशीच्या सासरची माणसं त्या बाहेरच्यांपैकी होती. सासूबाई मागचा रस्ता झाडायच्या. घरून निघताना वेताची एक लांब काठी बरोबर घ्यायच्या, तिच्या टोकाला चिंधीची घट्ट गाठ मारलेली. "चालले गं गाईचे दात घासायला," म्हणायच्या. आठ-पंधरा दिवसांनी एकदा कुंडापाशी उकिडवं बसून ती काठी गोमुखात खुपसायच्या आणि पालापाचोळा, मातीचं घरटं, जे निघेल ते काढायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारत नव्हतं. पुढे दारं सगळ्यांना उघडली, तरी सासूबाई आत गेल्या नाहीत. "इतकी वर्षं तोच बाहेर येतोय माझ्याकडं. आता मी आत जाऊन त्याला कशाला लाजवू?" मावशीला गाभाऱ्यात काम मिळालं तेव्हा मात्र म्हातारीनं आळीभर सांगितलं. त्या घरातून उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणारी मावशी पहिली.

आणि पहिल्याच वर्षी तिच्या हातून ते घडलं.

थोरले गुरुजी, म्हणजे आत्ताच्या धाकट्या गुरुजींचे वडील, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस बाहेरगावी गेले होते. बदलीवर आलेले गुरुजी भित्रे. एका सकाळी कोपऱ्यातल्या भोकातून ही एवढी घूस निघाली आणि समई उलथून त्यांच्या पायावरून गेली. ते सभामंडपात येऊन बाकावर उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "बाई, ते भोक बंद करा. काहीतरी बोळाबिळा कोंबा." त्यांनी बोळा सांगितला होता. पण गाभाऱ्यातलं असं पहिलंच काम आपल्याला सांगितलं, ते कसं अर्धंमुर्धं करायचं? मावशीनं आत गोणपाट कोंबलं, त्यावर विटेचे तुकडे बसवले, चुन्यात विटेची भुकटी आणि काजळी मळून वरून असा हात फिरवला की दगड कुठं संपतो आणि चुना कुठं सुरू होतो ते कळू नये. बापाचा हात होता तो. भोक होतं असं सांगूनही खरं वाटलं नसतं.

बदलीचे गुरुजी काही न सांगता आपल्या गावी गेले आणि थोरले गुरुजी परत आले. दृष्टी पुरती आलीच नव्हती. त्यांनी कोपरा चाचपला, सगळीकडे गुळगुळीत दगड लागला. "नळी भिंतीत ढासळली वाटतं. वरून दगड बसलाय," ते म्हणाले. मावशी शेजारीच उभी होती. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "शेकडो वर्षांत बंद पडलं नाही, आणि आत्ताच पडलं?" आत्ताच म्हणजे, ही बाई आत आल्यावर. ते तसं म्हणाले नव्हते. तिला तसं ऐकू आलं. तिनं तोंड मिटलं.

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय गं, पाणी का येईना? तू तर आत असतेस."

"काय की, आत्या. मला नाही माहीत."

दुसऱ्या दिवसापासून म्हातारीनं काठी दारामागं ठेवून दिली. आणि दुसऱ्या दिवसापासूनच मावशीनं गाभाऱ्यातलं पाणी बादलीनं कुंडात नेऊन ओतायला सुरुवात केली. सासूबाई गेल्या, थोरले गुरुजी गेले, बादली तीनदा बदलली. कुंड एक दिवस कोरडं राहिलं नाही. लोक म्हणत, काय ती भक्ती, आणि लेकीबाळींना तिचं उदाहरण देत. असं कुणी बोलायला लागलं की मावशी काहीतरी विसरल्यासारखं करून तिथून उठायची.

गेल्या महिन्यात ती तापानं दोन दिवस पडली. धाकट्या गुरुजींनी जमेल तसं फडकं मारलं. दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या कोपऱ्यातल्या पाण्यावरून एक आजोबा घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं.

मग मात्र विश्वस्तांनी चर्चा लांबवली नाही. जुनी फरशी उंचसखल आहे, ती फोडायची. नवी ग्रॅनाइटची बसवायची, एका पातळीत. पाण्याला प्लॅस्टिकचा पाइप आणि तो थेट गटारात. काम सोमवारपासून. हेडसरांनी मावशीला ही बातमी बक्षीस दिल्यासारखी सांगितली. "मावशी, सुटलात. आता तुमच्या पाठीला आराम."

मावशीनं विचारलं, "आणि कुंड?"

"कुंडात झाडं लावू. छान दिसेल."

त्या दिवशी तिनं समया दोनदा घासल्या.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं लेकीला सांगितलं. लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. ती इस्त्री करत होती. ऐकता ऐकता तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हणजे तू स्वतःच बुजवलंस, आणि तीस वर्षं स्वतःच उपसत बसलीस?"

"एकतीस."

"धन्य आहे तुझी. मी शाळेत निबंध लिहिला होता तुझ्यावर. बक्षीस मिळालं होतं मला."

"परत करून ये."

लेकीला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "आई, ऐक. दुपारी देऊळ बंद असतं. गुपचूप जा, तो चुना खरवडून काढ, आणि गप्प राहा. पाणी आपोआप यायला लागलं की फरशी कोण फोडतंय? लोक उलट हार घालतील. म्हणतील, चमत्कार झाला."

मावशीनं दारामागच्या काठीकडे बघितलं. हल्ली ती जळमटं काढायला वापरत. मग म्हणाली, "माझी चूक मी देवाच्या नावावर खपवू होय? एकदा गप्प बसले तर एवढं झालं. पुन्हा बसले तर काय होईल कुणास ठाऊक."

"तुला काढून टाकतील."

"टाकू देत."

"आणि ते आजोबा? त्यांच्या मुलाला कळलं तर?"

आजोबांचं घर टाळायला मावशी हल्ली रस्ता बदलून जात होती.

रविवारी दुपारी फरशीचा ठेकेदार गाभाऱ्यात खडूनं रेघा मारत होता. हेडसर आणि धाकटे गुरुजी उंबऱ्यात उभे होते. मावशी येऊन समोर उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. घूस, गोणपाट, चुना, काजळी. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. सांगून झाल्यावर म्हणाली, "फरशी वेडीवाकडी नाहीये, सर. तिला उतार आहे. ज्यानं बसवली त्याला माहीत होतं पाणी कुठं न्यायचं ते. वाट मी अडवली."

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बोलले ते धाकटे गुरुजी, आणि मावशीची जे ऐकायची तयारी नव्हती तेच बोलले.

"बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, माझ्या हातून पूजेत काहीतरी चुकलं. म्हणून देवानं पाणी थांबवलं."

एकतीस वर्षांत तिनं स्वतःला नाना तऱ्हेनं दोष दिला होता, पण ही तऱ्हा तिच्या स्वप्नातही आली नव्हती. तिनं माफी मागितली नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीला पुरेल असा शब्द तिच्यापाशी नव्हता. ती कोपऱ्यात बसली आणि ठेकेदाराला म्हणाली, "छिन्नी द्या."

"मावशी, तो अखंड दगड आहे. मी काल ठोकून बघितलाय."

"द्या तर."

तिनं बोटांनी चाचपत चाचपत नेमक्या जागी छिन्नी धरली. चौथ्या घावाला काळा पोपडा उडाला आणि खालचा चुना पांढराशुभ्र दिसला. ठेकेदार खडू खिशात टाकून खाली वाकला. "हे तुम्ही केलंय? दगडात दगड मिळवलाय की हो. माझ्याकडं असा एक कारागीर नाही."

"तेच तर झालं ना," मावशी म्हणाली.

विटा निघाल्या, कुजलेलं गोणपाट निघालं, भोक उघडं पडलं. गुरुजींनी बादलीभर पाणी आणून ओतलं. पाणी गोल फिरलं आणि आत गेलं. सगळे धावत मागच्या रस्त्यावर आले. गोमुख कोरडंच. दुसरी बादली ओतली, तिसरी ओतली. काही नाही.

"झालं," ठेकेदार म्हणाला. "नळी खरंच ढासळलीय. पाणी भिंतीत मुरतंय. सर, हे तर जास्त वाईट. पाया भिजेल. उद्या नऊला माझी माणसं येतील, हे सगळं फोडून बंद करूया."

हेडसर हळू आवाजात म्हणाले, "मावशी, तुम्ही सांगितलंत ते चांगलं केलंत. पण आता माझाही इलाज नाही."

सगळे गेले. मावशी कुंडाच्या काठावर बसली. समोर गोमुख, तुटक्या कानाचं. इतकी वर्षं ती इथं बादली ओतून पाठ वळवून निघून जायची. त्या गाईच्या तोंडाकडे धड बघायची तिला कधी हिंमत झाली नव्हती. आज बघितलं. ओठांत वाळलेलं गवत अडकलं होतं. चिमणीचं असेल. आणि तिच्या डोळ्यांसमोर म्हातारी उकिडवी बसलेली आली, हातात काठी, कपाळावर घाम.

आतून वाट मावशीनं अडवली होती, हे खरं. पण बाहेरून ती आपोआप मोकळी राहत होती, असं थोडंच होतं? एक बाई ती राखत होती. पाणी थांबलं, बाईही थांबली. एकतीस वर्षांचा कचरा त्या नळीत बाहेरूनच भरला होता. देवळाच्या आतल्या एकाही माणसाला ते ठाऊक नव्हतं, कारण आतलं कुणी कधी या बाजूला येऊन बसलंच नव्हतं. हेडसरांच्या इतक्या कागदांतही ते नव्हतं.

सोमवारी सकाळी ती काठी घेऊन आली. लेकही रजा टाकून आली होती; आईला एकटीला बोलणी खाऊ द्यायची नाही, म्हणाली. जळमटांची चिंधी सोडून मावशीनं नवी गाठ मारली, तेल लावलं, आणि कुंडात उतरून उकिडवी बसली. आधी गवत निघालं. मग माती, पानांचा लगदा, एक सबंध घरटं, लहान पोराचा लाकडी भोवरा. हातभर गेल्यावर काठी अडली. नळी तिथं वळत होती. लोखंडी सळई असती तर तिथंच थांबली असती. मावशीनं मनगट फिरवलं, वेत वाकला आणि वळणातून पुढे सरकला. आता कळलं, सासूबाई वेतच का न्यायच्या.

नऊला ठेकेदार आपली माणसं आणि पहारी घेऊन आला. "काय मावशी, अजून शोधताय?" म्हणत तो गोमुखासमोरच उभा राहिला.

"थोडं बाजूला व्हा," मावशी म्हणाली.

"कशाला?"

आत, फरशी फोडायच्या आधीचा गुरुजींचा अभिषेक सुरू होता. गोमुखातून आधी एक गुळणी केल्यासारखा आवाज आला. मग चिखलाचा लोंढा आला आणि ठेकेदाराचे नवे बूट घोट्यापर्यंत माखून गेला. मग काळं पाणी, मग तपकिरी, मग गढूळ, आणि हेडसर धापा टाकत रस्त्यावर पोहोचले तेव्हा मनगटाएवढी स्वच्छ धार कुंडात पडत होती. लेक हसत होती की रडत होती, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. मावशी कुंडातच उभी होती. तिचा पदर भिजला, केस भिजले, पण ती हलली नाही.

ठेकेदारानं बुटांकडे बघितलं, धारेकडे बघितलं आणि माणसांना म्हणाला, "पहारी टेम्पोत टाका."

यानंतर सगळं गोड झालं असं नाही. तिची गोष्ट चार दिवसांत सगळ्यांना कळली. जे तिचं उदाहरण द्यायचे त्यांतल्या काहींनी तिच्याशी बोलणं टाकलं. धाकटे गुरुजी महिनाभर तिच्याशी कामापुरतं बोलत होते. विश्वस्तांपैकी दोघांचं म्हणणं होतं तिला घरी बसवावं. हेडसरांनी त्यांना एवढंच विचारलं की मग नळीतलं वळण तुमच्यापैकी कोण साफ करणार. आजोबांकडे ती लेकीला घेऊन गेली आणि दारातच सगळं बोलून टाकलं. आजोबांनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवून घेतला. "दोन दिवस तू नव्हतीस, तर मी पडलो. बाकीची एकतीस वर्षं नाही पडलो, त्याचं काय? आत ये, चहा घे." मुलाच्या कपाळावरची आठी मात्र चहा संपेपर्यंत गेली नाही.

हेडसरांनी पाटीचा मजकूर पुन्हा लिहायला घेतला. एक दिवस ते कागद घेऊन आले. "मावशी, व्यापारी, राणी आणि पाथरवट, तिन्ही गोष्टी ठेवल्यात. त्याखाली गोमुख बाहेरून कोण राखायचं, ते लिहायचंय. सासूबाईंचं पूर्ण नाव सांगा."

मावशीनं सांगितलं. हेडसरांनी शाळेत फळ्यावर लिहीत तशा सुबक अक्षरांत ते लिहून घेतलं.

"आणि गोमुख बंद कसं पडलं, ते?"

"तेही लिहा. माझं नाव घाला."

हेडसरांनी पेन कागदावर टेकवलं. "नाव घालू. पण ज्यानं उघडलं त्याचंही घालावं लागेल. दोन्हीकडे एकच नाव आलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल."

"होऊ दे," मावशी म्हणाली. "माझा कुठं झाला नव्हता?"

आता सकाळचं काम तासाभरात उरकतं. तांब्या ओतला की पाणी आपल्या वाटेनं जातं आणि कोपऱ्यात बारीक आवाज करून नाहीसं होतं. पहिले काही दिवस मावशी रिकामी बादली धरून नुसती उभी राहायची. हातांना काय सांगावं ते तिला कळेना. मग एका सकाळी तिनं बादली कोनाड्याखाली पालथी घातली, काठी घेतली आणि तेरा पायऱ्या उतरून मागे गेली.

ती कुंडापाशी उकिडवी बसली होती, तेवढ्यात कुणीतरी शेजारी येऊन बसलं. धाकटे गुरुजी होते, सोवळं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं. त्यांनी हात पुढे केला.

"वळणापाशी मनगट कसं फिरवायचं ते दाखवा," ते म्हणाले. "आतल्या माणसालाही यायला हवं."